दूध तुमचं, गंज आमचा

बाबा, आज नववा दिवस. या नऊ दिवसांत जेवढी माणसं आपल्या घरी बसायला येऊन गेली, तेवढी माझ्या लग्नालाही आली नव्हती. इतवारीतले भांड्यांचे ठोक व्यापारी आले, पॉलिशवाले आले, समोरच्या गल्लीतला हातठेलेवाला आपला ठेला भर रस्त्यात सोडून आला. सगळे शेजारून आलेला चहा पितात, तुमच्या फोटोकडे बघतात आणि एकच वाक्य बोलतात. "मोठा मानी मानूस होता बाप्पा." पहिले दोन दिवस मला ते ऐकून भरून यायचं. आता ऐकलं की डोकं उठतं. तुम्ही मानी होतात हे मला कोणी सांगायला नको. तुमचा मान सोळा वर्षं माझ्या खर्चाने चालला.

म्हणून हे लिहिते आहे. बाहेरच्या खोलीत नितीन लोकांना तुमच्या गोष्टी सांगतो आहे. तो तुमचा मुलगा आहे, त्याच्याकडे चांगल्या गोष्टी आहेत. माझ्याकडे ज्या आहेत त्या बसायला आलेल्या माणसांपुढे काढता येत नाहीत.

तुम्ही ज्याला तुमच्या आयुष्यातला सगळ्यात ताठ दिवस मानत होतात, तिथूनच सुरू करते. नरखेडच्या अलीकडे, माझ्या सासरच्या अंगणात, तुम्ही टेम्पो घेऊन आलात तो दिवस. त्याआधी काय झालं होतं ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. चार वर्षांत मूल झालं नाही, डॉक्टर झाले, देव झाले, मग संजयने मला दिवाळीला माहेरी आणून सोडलं आणि न्यायला कोणी आलंच नाही. संक्रांत गेली, होळी गेली. मग त्याच्या काकांचा फोन आला, की भांडण न करता दोघांच्या सहमतीने सोडचिठ्ठी करून टाकू.

त्या दिवशी अंगणात खाटा टाकल्या होत्या. मी टेम्पोत पुढच्या सीटवर बसले होते, कारण तुम्ही मला उतरू नको म्हणाला होतात. काच खाली होती, सगळं ऐकू येत होतं. संजयचे काका म्हणाले, "पोरीचं वाईट नाही करायचं आम्हाले. बगीचा आहे, संत्र्याचा बार दर साली निंगते. महिन्याचं काहीतरी बांधून देतो तिच्या नावानं. तुमीच सांगा किती ते." बाबा, तो माणूस लबाड असेल, पण त्या क्षणी तो खरं बोलत होता. त्याला भीती होती की आपण केस लावू, आणि त्या भीतीपोटी तो देत होता. तुम्ही फक्त आकडा सांगायचा होता.

तुम्ही खाटेवरून उठलात, खांद्यावरचा दुपट्टा झटकलात आणि म्हणालात, "आम्हाले तुमचा एक रुपया नको. आमची भांडी तेवढी मोजून द्या."

आणि मग तुम्ही भांडी मोजलीत. एक्कावन्न. लग्नात प्रत्येक भांड्यावर तुम्ही स्वतः नाव घातलं होतं, तुमच्या त्या देखण्या अक्षरात; जावयाचं नाव, माझं नाव, लग्नाची तारीख. तुमचा धंदाच तो. इतवारीत लग्नाचा बस्ता निघाला की भांडी तुमच्याकडे नावं घालायला यायची. कोणाच्या घरी जेवायला बसलात तर तुम्ही आधी ताट उलटं करून अक्षर बघायचात. ती एक्कावन्न भांडी तुम्हाला पोरीपेक्षा जास्त ओळखीची होती. तुम्ही यादी काढलीत आणि एकेक नाव वाचत गेलात. कोपर, पराती, डबे, गडवे, वाट्या. आजूबाजूच्या घरांतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. पन्नास झाली आणि तुम्ही थांबलात.

"एक गंज कमी आहे."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "तो चुलीवर आहे ना. दूध तापून राहिलं त्याच्यात."

"मंग उतरवा. दूध तुमचं, गंज आमचा."

त्यांनी दूध दुसऱ्या भांड्यात ओतलं. तुम्ही तो गरम गंज दुपट्ट्यात गुंडाळलात आणि हातात घेऊन टेम्पोकडे आलात. आतल्या कडेला सायीची रेघ होती, बुडाशी धग होती. तो तुम्ही माझ्या मांडीवर ठेवलात आणि ड्रायव्हरला म्हणालात, "चल." नागपूर येईपर्यंत तुमचा चेहरा लग्न लावून परत निघाल्यासारखा होता. तुम्ही जिंकला होतात. पोरीची जन्माची पोटगी अंगणात सोडून तुम्ही दूध तापवायचा गंज जिंकून आणला होता.

ही गोष्ट तुम्ही पुढे शंभर वेळा सांगितलीत. प्रत्येक वेळी लोक हसायचे आणि तुमच्या पाठीवर थाप मारायचे. नऊ दिवसांत ती गोष्ट या घरात तीनदा सांगून झाली आहे. परवा मीही हसले. हसता हसता मला तुमचा इतका राग आला की मी उठून मागच्या अंगणात गेले.

मग कोर्ट. फॅमिली कोर्टात एक समुपदेशक मॅडम होत्या, चष्मा कपाळावर चढवून बसायच्या. त्यांनी तुम्हाला बाहेर बसायला सांगितलं आणि अर्ज माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, "इथे लिहिलंय की पत्नीला पोटगी नको, आज नको आणि पुढेही मागणार नाही. हे तुमचं म्हणणं आहे की घरच्यांचं?" दाराला अर्धा पडदा होता. पडद्याखाली मला तुमचे पाय दिसत होते, पॉलिश केलेले काळे बूट, जे तुम्ही फक्त लग्नाला आणि मयतीला घालायचात. तुम्ही बाहेर बसला नव्हतात, दाराशी उभे होतात. मी म्हणाले, "माझंच." मॅडमनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी तेच सांगितलं, आणि त्यांनी चष्मा खाली घेऊन लिहून टाकलं.

तरी कायद्याने सहा महिने दिले होते. पहिली तारीख आणि दुसरी तारीख यांच्यात सहा महिने, विचार बदलायला. लोकांना वाटतं ते नवराबायकोने परत एकत्र यावं म्हणून असतात. मला ते तुमच्याशी भांडायला मिळाले होते. चौथ्या महिन्यात मी धीर केला. तुम्ही दाढी करत होतात. मी म्हणाले, "बाबा, मले पोटगी मागायची आहे."

वस्तरा तसाच गालावर ठेवून तुम्ही आरशातून माझ्याकडे बघितलंत. "काहून?"

"माह्या हक्काची आहे म्हनून."

"हक्काची? ज्यानं तुले टाकलं त्याच्या दारात दर महिन्याले हात पसरशील? तू काय भिकारीन आहेस का वं? तुहा बाप मेला का?"

मी म्हणाले की हात पसरायचा नाही, कोर्ट देते ते. तुम्ही ऐकून घेतलं नाही. त्यानंतर चार दिवस तुम्ही माझ्या हातचं जेवला नाहीत. सकाळी न खाता दुकानात जायचात, केळी खाऊन दिवस काढायचात, आणि हे गल्लीतल्या सगळ्यांना कळेल असं काढायचात. आई तेव्हा असती तर तिने तुम्हाला दोन शब्द सुनावले असते. ती माझ्या लग्नाआधीच गेली होती आणि नितीन कॉलेजात होता. पाचव्या दिवशी मी डबा घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, नाही मागत. तुम्ही तिथेच उकिडवे बसून डबा खाल्लात. आमटीचा थेंबही ठेवला नाहीत.

त्या डब्याबद्दल मी स्वतःला कधी क्षमा केली नाही. मी सत्तावीस वर्षांची होते, लहान नव्हते. तुम्ही हट्ट केलात हे खरं, पण मी तो पुरवला. तुम्हाला शिव्या घालताना एवढं कबूल करून ठेवते, नाहीतर हे लिहिणं खोटं होईल.

दुसऱ्या तारखेला सगळं दहा मिनिटांत आटपलं. बाहेर आल्यावर तुम्ही मला तर्री-पोहे खायला घातलेत. एक प्लेट झाली तशी न विचारता दुसरी मागवलीत, वर चणे जास्त टाकायला सांगितलेत आणि म्हणालात, "खाऊन घे. आता कोनाचं ऐकून घ्यायचं नाही." इतक्या मायेने म्हणालात की मला वाटलं, बाबांचं बरोबरच असेल. पुढची काही वर्षं मी तसंच समजत राहिले.

घरी आणलेल्या भांड्यांवरची नावं पुसायचं काम तुम्ही मला दिलंत. माझं सासरचं नाव, तुमच्याच हाताने घातलेलं, मी पॉलिशच्या चाकावर धरून एकेक घासून काढलं. अक्षर जातं, पण तिथली जागा वेगळी चमकते, हे मला तेव्हा कळलं. मग तुम्ही ती सगळी पोत्यांत भरून माळ्यावर टाकलीत. सोळा वर्षांत त्यांत कोणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. ज्यासाठी तुम्ही पोटगी सोडलीत ती भांडी तुम्हाला वापरायची नव्हती, फक्त त्यांच्याकडे राहू द्यायची नव्हती.

पण त्याच चाकाशी बसून मी शिकले. हे मात्र तुमचंच. तुम्ही माझ्या मागे बसून माझा हात हातात धरलात आणि मशीनची सुई भांड्यावर टेकवलीत. "भांडं गोल असते, अक्षर त्याच्यासंगं चाललं पाहिजे. तू सरळ लिहायले गेली की ते घसरते." मशीनची घरघर कोपरापर्यंत चढायची, हात रात्री झोपेतही थरथरायचा. महिनाभर मी जुन्या ताटांच्या पाठीवर बाराखडी घालत होते. तुम्ही ओरडला नाहीत, हसला नाहीत. एक दिवस मी घातलेलं एक 'श्री' तुम्ही बराच वेळ उन्हात धरून बघितलंत आणि ते ताट गिऱ्हाइकाच्या ढिगात ठेवलंत. त्या दिवशी मला माणूस झाल्यासारखं वाटलं होतं. ते सुख खरं होतं, बाबा. ते तुम्ही दिलंत आणि नंतर तुम्हीच त्यावर पडदा टाकलात.

पडदा म्हणजे खराखुरा, निळ्या ताडपत्रीचा. सात वर्षांपूर्वी तुमचा हात थरथरायला लागला आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तेव्हापासून नावं सगळी मीच घालायला लागले. दुकान ते केवढं, दोन माणसं बसली की भरलं. तुम्ही पुढे बसायचात, गिऱ्हाइकाकडून भांडं घ्यायचात, चिठ्ठीवरचं नाव मोठ्याने वाचून घ्यायचात, नंतर या म्हणायचात आणि ते वळलं की भांडं पडद्याखालून मागे सरकवायचात. मागची घरघर कोणी विचारली तर सांगायचात, पॉलिश चालू आहे. मी घालून परत सरकवायचे. गिऱ्हाईक परत आलं की तुम्ही ते दुपट्ट्याने पुसून पुढे करायचात. "घ्या."

"काका, हात अजून तसाच आहे तुमचा," गिऱ्हाईक म्हणायचं.

"तब्येत नाही राहिली, पन हात नाही गेला," तुम्ही म्हणायचात.

मी दीड हातावर बसून हे ऐकायचे. पहिल्यांदा हसू आलं. वाटलं, म्हातारा माणूस, मिरवू दे. पण तुम्ही सात वर्षं मिरवलंत. एक दिवस, एक गिऱ्हाईक, एकदा तरी चुकून म्हणाला असतात की हे माझ्या पोरीचं अक्षर आहे, तर मी बाकी सगळं गिळलं असतं. कोणी विचारलं, पोरगी काय करते, तर तुमचं उत्तर ठरलेलं होतं. "घरीच असते."

ती मुलगी आठवते का? लग्न ठरलेली, आपल्या भांड्यांवर स्वतःच्या आवडीने नावं घालून घ्यायला आली होती. तिला ते काम फार आवडलं. म्हणाली, "काका, मले शिकवाल का हे?" तुम्ही हसलात. "बायांचं काम नाही बाई हे. हात लागते याले." पडद्यामागे तिच्याच ताटावर माझी सुई चालू होती. मी मशीन बंद केली. घरघर थांबली. तुम्ही म्हणालात, "लाईट गेली वाटते." आणि ती पोरगी वर गरगर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिली.

त्या दिवशी मी तुमच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. तुम्ही येताना माझ्यासाठी संत्र्याची बर्फी आणलीत. काहीतरी चुकलं हे तुम्हाला कळायचं, हे मला माहीत आहे. पण चूक काय ती तोंडाने म्हणायची तुमची तयारी नसायची. तुम्ही खाऊ आणायचात आणि मी खायचे, असा आपला हिशेब.

आणि वकीलबाई. पाच वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाची भांडी नावं घालायला टाकून गेल्या होत्या, संध्याकाळी न्यायला आल्या. मी पुढे बसून भांडी कागदात बांधत होते. बोलता बोलता त्यांनी माझी गोष्ट काढून घेतली आणि हातातली पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, "अहो ताई, नको म्हणून लिहून दिलं तरी हक्क संपत नाही. परत लग्न केलं नसेल आणि स्वतःचं भागत नसेल, तर आजही अर्ज करता येतो. मागच्या वर्षांचं मिळणार नाही, पण अर्ज टाकला त्या दिवसापासूनचं मागता येतं. शेवटी कोर्ट ठरवेल, पण मागा तर खरं."

तुम्ही भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होतात. मला वाटलं, झोपलात. तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "मॅडम, तुमची भांडी झाली. पैसे नको." त्या बिचाऱ्या गोंधळल्या. नोट पुढे करत राहिल्या, तुम्ही घेतली नाहीत. त्या गेल्यावर मला म्हणालात, "माह्या जिवंतपनी हे होनार नाही. सांगून ठेवतो."

मागच्या वर्षांचं मिळत नाही, हे तुम्हीही ऐकलं होतं. म्हणजे तुम्ही जगलेलं एकेक वर्ष माझ्या पोटगीतून गेलं. हे किती घाण वाक्य आहे ते मला कळतं. पण ते माझ्या डोक्यात पाच वर्षं राहत होतं, बाबा. तुमच्या डोळ्यांत औषध घालताना, तुमची पाठ शेकताना, तुमची औषधं आणायला दुपारच्या उन्हात जाताना. मी तुमची सेवा नीट केली. कोणी नाव ठेवणार नाही. पण तुम्हाला ताप आला की माझ्या मनात एक क्षणभर जे यायचं, ते यायला नको होतं. पोरीच्या मनात असा विचार येईल अशी अट तुम्ही घालायला नको होती.

पाचव्या दिवशी नितीनने सांगितलं की दुकान त्याने मोबाईलचे कव्हर विकणाऱ्याला भाड्याने द्यायचं ठरवलं आहे. तेरवी झाली की चावी. दुकान त्याच्या नावावर तुम्ही केव्हा केलंत ते मला माहीतही नव्हतं. तो वाईट नाही. माझा हात धरून म्हणाला, "ताई, तू काहून टेन्शन घेतेस? आमच्याकडेच राहशीन ना. तुले काय कमी पडू देतो का मी?" त्याची बायको मागे उभी होती, तिने नजर खाली केली. मी त्रेचाळीस वर्षांची आहे आणि मला साबणाच्या वडीसाठी भावाकडे बघायचं आहे. संजयच्या दारात हात पसरायचा नाही म्हणून तुम्ही मला जे दिलंत ते हे.

सहाव्या दिवशी मी वकीलबाईंना फोन केला. सातव्या दिवशी त्या बसायला आल्या, तुमच्या फोटोला हात जोडले आणि मग मागच्या खोलीत माझ्याजवळ बसून पिशवीतून कागद काढले. अर्जाबरोबर एक शपथपत्र लागतं. शिक्षण काय, उत्पन्न किती, बँकेत किती, कोणावर अवलंबून. त्या भराभर विचारत होत्या आणि लिहीत होत्या. एका रकान्याशी येऊन म्हणाल्या, "व्यवसाय. इथे गृहिणी टाकू."

मी त्यांच्या पेनावर हात ठेवला.

"काय झालं?"

"मी नावं घालते भांड्यांवर," मी म्हणाले.

त्या हसल्या. "काकांना मदत करत होतात, ते ठीक आहे. पण…"

"तुमच्या भाचीच्या ताटावर नाव कोणी घातलं असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, त्या ताटाचं सगळ्या सासरने कौतुक केलं होतं, त्या सगळ्यांना सांगत होत्या की इतवारीत एक म्हातारे कारागीर आहेत. मी सांगितलं की ते अक्षर माझं आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. चोरी कबूल केल्यासारखं सांगितलं.

मग त्यांनी मला समजावलं, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. "ताई, हे लिहिलं तर त्याचा वकील काय म्हणेल? हातात कसब आहे, कमवा आणि खा. रक्कम कमी होईल. कदाचित काहीच मिळणार नाही. गृहिणी लिहिलं तर केस सरळ आहे. आणि तशीही तुमच्या हातात कधी कमाई आलेली नाही, म्हणजे ते खोटंही नाही." त्या म्हणाल्या, रात्रभर विचार करा.

विचार केला. मला ते पैसे हवे आहेत, बाबा. खूप हवे आहेत. एक मशीन आपल्याकडे आहे, ती मी दुकानातून उचलून माझ्या खोलीत आणून ठेवली आहे, पण बसायला जागा भाड्याने घ्यायची तर महिन्याला काहीतरी हाती पाहिजे. एक शब्द लिहिला की ते मिळायची शक्यता वाढते. आणि तो शब्द तुमचाच आहे. घरीच असते. तुम्ही सात वर्षं गिऱ्हाइकांना सांगितलंत तेच मी आता शपथेवर, सही करून न्यायाधीशांना सांगायचं. तुम्ही गेलात तरी तुमचं वाक्य मीच पुढे चालवायचं.

काल सकाळी मी तो रकाना स्वतःच्या हाताने भरला. भांड्यांवर नावे घालणे, सोळा वर्षे. त्याच्या पुढे उत्पन्नाचा रकाना होता. तिथे लिहिलं, मजुरी मिळाली नाही. वकीलबाईंनी वाचलं. मग विचारलं, "कोणी दिली नाही, ते लिहायचं का?"

"लिहा," मी म्हणाले. "वडिलांनी."

नितीनला हे रात्री कळलं. तो चिडला, मग रडला. "बाबाले जाऊन दहा दिवस नाही झाले अन् तू त्याहीचं नाव कोर्टात नेऊन राहिली? निदान वरसी होऊ दे, ताई. लोकं काय म्हनतीन?" मी त्याला जवळ घेतलं. लहानपणी घ्यायचे तसं. तोही बापाचा मुलगा आहे, त्याचं दुःख खरं आहे. पण वर्षभर थांबले तर तेही वर्ष गेलं, हे मी त्याला सांगितलं.

लोकांना वाटतं मला रडू येत नाही. येतं. सकाळी मी दोन कप चहा ओतते आणि मग एक परत पातेल्यात टाकते. काल एका पाहुण्यांसमोर स्टीलचा पेला ठेवला, त्यावर तुमचं अक्षर होतं, अगदी जुनं, हात थरथरायच्या आधीचं. मला तो त्यांना प्यायला देववेना, मी बदलून दुसरा दिला. माझ्या अक्षराचा जो वळसा आहे तो तुमचा आहे, ते मला मरेपर्यंत पुसता यायचं नाही आणि पुसायचंही नाही. कोर्टात कोणी विचारलं, कुठे शिकलात, तर मी तेही तुमचंच नाव सांगेन. खरं ते सगळं सांगायचं, एवढंच मी ठरवलं आहे.

रविवारी तेरवी. पंगती होतील, तुमच्या आवडीचे वडे होतील, लोक परत एकदा गंजाची गोष्ट काढतील आणि मी वाढत राहीन. सोमवारी अकरा वाजता मी अर्ज घेऊन फॅमिली कोर्टात असेन. या वेळी दाराशी कोणी उभं नसेल. तुम्ही नाही आहात म्हणून मला हायसं वाटतं आहे, बाबा. स्वतःचा बाप गेल्यावर पोरीला हायसं वाटावं, इथवर तुम्ही मला आणलंत. पोटगीचं काय व्हायचं ते होईल, पण हे मी तुम्हाला कधीच माफ करणार नाही.